आगाऊ पैसे कुणाचे?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं बोलणं)

तायांनो, नवरात्र तोंडावर आलंय, म्हणजे तुमच्या फराळाच्या ऑर्डरी सुरू होणार. मागच्या सभेत दोन गटांनी विचारलं होतं, "ऑर्डर घेताना किती आगाऊ घ्यायचे?" मी तेव्हा घाईत "निम्मे घ्या" म्हणून मोकळी झाले. घरी गेल्यावर वाटलं, एवढं बोलून भागायचं नाही. म्हणून आज हाच विषय घेतलाय.

आधी एक गोष्ट सांगते. गटाचं नाव सांगत नाही, गाव चाकणच्या जवळचंच. मी या कामावर नवीन होते. या गटाने दिवाळीआधी मोशीच्या सोसायट्यांमधून फराळाच्या 41 ऑर्डरी मिळवल्या आणि प्रत्येकीकडून 500 रुपये आगाऊ घेतले. हातात एकदम 20,500 रुपये आले. नेमका त्याच आठवड्यात बँकेचा हप्ता होता, 12,400 चा. किराणावाल्याची सहा हजारांची जुनी उधारीही डोक्यावर होती, तो रोज निरोप पाठवायचा. अध्यक्षताईंनी दोन्ही भागवून टाकलं. मला फोन करून सांगितलं, "मॅडम, हप्ता वेळेत गेला!" आणि मी काय केलं? ग्रामसंघाच्या सभेत त्या गटासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. पैसे आले कुठून, हे विचारलंच नाही.

दिवाळीला नऊ दिवस उरले तेव्हा कळलं की बेसन, तेल, तूप, साखर आणायला 2,100 रुपये शिल्लक आहेत. जुनी उधारी फिटली म्हणून किराणावाला नवी देईल असा हिशेब होता, पण सणाच्या तोंडावर तो रोखीशिवाय माल देईना. त्या रात्री गटाची बैठक बसली ती अकरापर्यंत. कुणी म्हणालं फोन बंद ठेवू, दिवाळी झाली की बघू. कुणी म्हणालं अजून वीस ऑर्डरी घेऊ, त्यांच्या पैशातून पहिल्यांचा माल करू.

हा दुसरा उपाय ऐकायला किती सोपा वाटतो बघा. मोठमोठी दुकानं बुडतात ती याच वाटेने. नव्या गिऱ्हाइकाच्या पैशातून जुन्याचं देणं भागवायचं, आणि हे कधीतरी सावरेल म्हणत राहायचं.

2019 ची दिवाळी आठवा. गुडविन ज्वेलर्स नावाची सोन्याची दुकानं होती. ठाणे, डोंबिवली, मुंबई, आपल्या पुण्यातही. लोक तिथे महिन्याला ठरावीक रक्कम भरायचे, वर्षाअखेर सोनं मिळणार म्हणून. काहींनी जास्त व्याजाच्या आशेने ठेवीही ठेवल्या होत्या. ऑक्टोबरात, ऐन धनत्रयोदशीच्या आसपास, दुकानांना कुलूप. बायका पावत्या घेऊन बंद शटरसमोर उभ्या. पोलिसांत तक्रारी झाल्या, डिसेंबरात मालक भावांना अटक झाली. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. पण त्या बायकांनी लेकीच्या लग्नासाठी महिन्याला हजार-दोन हजार बाजूला काढलेले होते, आणि आता हातात नुसता पावतीचा कागद होता.

माझा भाऊ व्हिडिओ गेमच्या नादातला. त्याने मला इंग्लंडचं एक उदाहरण सांगितलं. तिथे 'गेम' याच नावाची गेम विकणारी दुकानांची मोठी साखळी होती. मार्च 2012 मध्ये ती कर्जाने कोलमडली, कारभार प्रशासकाकडे गेला. त्याबरोबर लोकांकडची गिफ्ट कार्डं आणि साठवलेले रिवॉर्ड पॉइंट घेणं दुकानांनी थांबवलं. वाढदिवसाला कुणी पोराला कार्ड दिलेलं, पैसे कधीच भरलेले, आणि काउंटरवर ते चालेना. गिफ्ट कार्ड म्हणजे तरी काय? आगाऊ भरलेले पैसेच.

असं का होतं, ते समजून घ्या. आपल्याकडे 2016 चा दिवाळखोरीचा कायदा आहे. कंपनी बुडून तिची मालमत्ता विकली की आधी त्या प्रक्रियेचा खर्च निघतो. मग मालमत्ता तारण ठेवून घेतलेल्या बँकेचं कर्ज आणि त्याच्या बरोबरीने कामगारांचं 24 महिन्यांपर्यंतचं देणं. मालासाठी पैसे भरून बसलेला साधा गिऱ्हाईक या रांगेत बराच मागे असतो. बँकेने तारण घेतलेलं असतं, व्यापारी माल अडवू शकतो. गिऱ्हाइकाच्या हातात फक्त तुमचा शब्द असतो. त्यामुळे दुकानदार अडचणीत आला की ज्याचा तगादा सगळ्यात कमी, त्याचे पैसे सगळ्यात आधी खर्च होतात. आपल्या गटानेही तेच केलं होतं. बँकेचा तगादा, किराणावाल्याचा तगादा आणि माझाही तगादा. मोशीच्या बाईचा तगादा नव्हता. ती विश्वासाने पाचशे देऊन निघून गेली होती.

आता त्या रात्रीचं पुढचं सांगते. गटात एक वयस्कर काकू आहेत, बैठकीत फारशा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "त्या बायांनी आपल्याला कर्ज दिलंय. बँकेला सांगतो तसं त्यांनाही सांगायचं." दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन एकेकीला फोन लावले. मी शेजारी बसले होते. पहिला फोन करताना अध्यक्षताईंचा आवाज फुटत नव्हता. सांगितलं ते एवढंच: तुमचे पैसे आमच्याकडून दुसरीकडे खर्च झाले, चूक आमची आहे, माल दोन दिवस उशिरा मिळेल, चालत नसेल तर पैसे परत देऊ पण थोडे थोडे करून. एक बाई खूप चिडल्या. "आम्ही पण पगारावरच जगतो," म्हणाल्या. त्यांचं काय चुकलं?

नऊ जणींनी पैसे परत मागितले, 4,500 रुपये. बाकी 32 थांबल्या. त्या 32 ऑर्डरींची यादी दाखवून ग्रामसंघाकडून मालासाठी कर्ज घेतलं. फराळ वसुबारसेला पोचायचा तो नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी पोचला. नऊ जणींचे पैसे फेडायला चार महिने लागले. नफा काहीच राहिला नाही, उलट प्रत्येकीच्या खिशातून थोडे गेले. पुढच्या वर्षी 27 जणी परत आल्या. पाच आल्या नाहीत, त्यांना आपण काही म्हणू शकत नाही. आणि पैसे परत घेतलेल्यांपैकी तिघी मात्र आल्या. त्यात ती चिडलेली बाईही होती, हे मला अजून नवल वाटतं.

तर यंदा काय करायचं? आगाऊची वही वेगळी ठेवा. त्यात नाव, रक्कम, तारीख, माल कधी द्यायचा ते लिहा आणि गिऱ्हाइकाला पावती द्या, दहा रुपयांच्या पावती पुस्तकातली चालेल. आगाऊ घ्यायचे ते कच्च्या मालापुरते, त्यावर एक रुपया नाही. आलेल्या पैशाचं सामान त्याच आठवड्यात भरा, पैसा हातात राहिला की त्याला पाय फुटतात. माल हातात पडेपर्यंत ती रक्कम नफ्यात धरू नका, हिशेबाला येणाऱ्या सीआरपी ताईंना ती देण्याच्या बाजूला लिहायला सांगा.

गिऱ्हाईक म्हणूनही तुम्हाला हे उपयोगी पडेल. सोन्याच्या बहुतेक योजना 11 महिन्यांच्या का असतात माहितीये? कंपनीने मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम 365 दिवसांत मालात वळती झाली नाही, तर कायदा तिला ठेव मानतो, आणि ठेवी घ्यायचे नियम फार कडक आहेत. त्यामुळे कुणी "दोन वर्षं भरा, दुप्पट सोनं" म्हणालं तर तिथून उठा. कुणी पैसे घेऊन माल दिला नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही, पण तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ठेवी बुडवल्या असतील तर आपल्या राज्यात 1999 पासून ठेवीदारांच्या संरक्षणाचा वेगळा कायदा आहे, त्यात मालमत्ता जप्त करता येते. पैसे परत यायला मात्र वर्षं लागतात, हे तोंडावर सांगितलेलं बरं.

पुढच्या सभेला येताना आगाऊची वही घेऊन या, मी प्रत्येक गटाची बघणार आहे. आणि या महिन्यात हप्ता मागे पडतोय असं वाटलं तर तारखेच्या आधी मला फोन करा. बँकेत मी बरोबर येईन. हप्ता वेळेत गेला असेल तर टाळ्यांच्या आधी एक प्रश्न विचारेन, त्याचं उत्तर तयार ठेवा.