शिक्षकाच्या हातचं पान

(वसंत व्याख्यानमालेत भाईंदर-मीरारोडच्या श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर विषय आहे ‘शिक्षक आणि तंत्रज्ञान’. त्यातलं एकच म्हणणं मी मांडणार आहे आणि वेळ संपेपर्यंत ते सोडणार नाही. आपल्या प्रत्येक शिक्षकाला स्वतःच्या विषयाचं एक वेबपान स्वतः लिहिता आलं पाहिजे. आयत्या साच्यात भरलेलं नव्हे. एचटीएमएल या वेबपानाच्या भाषेत, शीर्षकापासून चित्राखालच्या ओळीपर्यंत, स्वतः टंकलेलं.

दीक्षा पोर्टल, तंत्रस्नेही कार्यशाळा, पुस्तकातले क्यूआर कोड हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची डिजिटल शाळा तर आपल्याच जिल्ह्यातली. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांना वाटली, हेही मी नव्याने सांगायला नको.

पण पुस्तकात क्यूआर कोड आणणाऱ्या गुरुजींचं कौतुक करताना आपण त्या चौकोनी ठशापाशीच थांबलो. क्यूआर कोड १९९४मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने मोटारींचे सुटे भाग ओळखण्यासाठी काढला. पुस्तकातल्या कोडमध्ये धडा नसतो, धड्याचा पत्ता असतो. गुरुजींची मेहनत त्या पत्त्यावर होती. कवितांचे आवाज, चित्रफिती, गोष्टी, स्वाध्याय. आपण शिक्षकांना काय शिकवलं? कोड छापायला.

प्रशिक्षणं मी जवळून पाहिली आहेत. पडद्यावर बटणांची यादी येते, सगळे मिळून ती दाबतात, शेवटी प्रमाणपत्र मिळतं. सोमवारी वर्गात त्यातलं काही उतरत नाही. शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६मध्ये सांगितलं की विषय येणं वेगळं आणि तो शिकवता येणं वेगळं. २००६मध्ये संशोधक पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञान जोडलं. नुसती साधनं शिकवणाऱ्या कार्यशाळा अपुऱ्या पडतात, शिक्षकाने खऱ्या गरजेसाठी काही घडवावं आणि घडवताना शिकावं, असा त्यांचा आग्रह होता.

आता एक उदाहरण सांगतो, दोन मिनिटांत.

इथल्याच एका कार्यशाळेत समुद्रकाठच्या उत्तनकडच्या एक भूगोलाच्या बाई आल्या होत्या. धडा भरती-ओहोटीचा. (श्रोत्यांतून : ‘ते तर पोरांनाच जास्त येतं!’ हशा.) अगदी बरोबर! बाईही तेच म्हणाल्या. मुलांना भरतीची वेळ पाठ असते, पण ती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे का सरकते, हे सांगता येत नाही. तेवढ्यासाठीच त्यांना पान करायचं होतं.

त्यांची टिपणं जुन्या मराठी फाँटमध्ये होती. फोनवर उघडली तर नुसती चिन्हं. मग सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टंकलं. पानाच्या माथ्यावर ‘ही भाषा मराठी’ अशी सूचना लिहिली, म्हणजे वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठी आवाज निवडता येतो. पांढऱ्यावर फिकी पिवळी अक्षरं होती, ती बदलली. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान साडेचारास एक एवढा फरक हवा, असा वेबचा मान्य निकष आहे. पाच एमबीचा फोटो छोटा केला, कारण पान उघडायचं होतं मुलांच्या आईच्या फोनवर, संपत आलेल्या डेटात.

मग आलं चित्राचं वर्णन. ज्याला चित्र दिसत नाही त्याच्यासाठी कोडमध्ये लिहायची ओळ. बाईंनी लिहिलं, ‘समुद्राचा फोटो’. मी विचारलं, न दिसणाऱ्या मुलाला यातून काय कळलं? बाई गप्प झाल्या. शेजारचे गणिताचे सर वाद घालायला आले, मग मागची रांग उठून आली. अर्धा तास सगळी कार्यशाळा त्या एका ओळीवर! शेवटी बाई म्हणाल्या, ‘हा फोटोच चुकीचा आहे.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी धक्क्यावरचा नवा फोटो आणला आणि वर्णनाच्या ओळीत लिहिलं : ‘ओहोटीला होड्या चिखलात टेकल्या आहेत. खांबावरची ओली रेघ दाखवते, भरतीचं पाणी कुठवर चढलं होतं.’

मंडळी, धडा त्या ओळीत आहे! चित्र कशासाठी दाखवायचं, हे बाईंना त्या ओळीने ठरवायला लावलं. आयता साचा तो रकाना रिकामा सोडू देतो.

(श्रोत्यांतून : ‘सर, आता हे सगळं एआय करतं.’) करतं. पान एका मिनिटात करून देईल. पण उत्तनच्या धक्क्यावरची रेघ दाखवायची, हे बाईच ठरवणार. आणि आलेलं पान बरं की वाईट हे ओळखायला, ते आतून कसं बांधलेलं असतं हे माहीत हवं.

(आणखी एक प्रश्न : ‘निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, त्यात हे आणखी ओझं?’ शिक्षकांच्या रांगेतून टाळ्या.) टाळ्या रास्त आहेत. ती कामं कमी झालीच पाहिजेत, हे मी कुठल्याही व्यासपीठावर म्हणेन. पण मी नवे तास मागत नाही. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सुचवलं आहे. ते तास बटणांवर खर्च करू नका, एवढंच मागतो.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. पवईच्या आयआयटीच्या मराठी स्पोकन ट्युटोरिअल्सबद्दल सविस्तर बोलायचं होतं. साधारण दहा मिनिटांचा धडा पाहायचा आणि बरोबरीने स्वतः करायचं, ही त्यांची पद्धत. ते धडे मोफत आहेत, जरूर पाहा. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचं १९९१चं पहिलं संकेतस्थळही दाखवणार होतो. नुसता मजकूर आणि दुवे, आजही कुठल्याही फोनवर उघडतं. साधं लिहिलेलं टिकतं, एवढंच त्यावरून सांगायचं होतं.

तर मागणी स्पष्ट सांगतो. महापालिकेच्या शाळांत मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू अशी माध्यमं आहेत. या ५० तासांतले २० तास प्रत्येक शिक्षकाला त्याच्या भाषेत, त्याच्या एका धड्याच्या एका पानासाठी द्या. हजेरीवर प्रमाणपत्र नको. सर्वांत स्वस्त फोनवर पान उघडलं आणि डोळे मिटून ऐकणाऱ्याला समजलं, तरच द्या.

शिक्षकांनी बाहेरच्या टेबलावर नाव आणि आपला धडा लिहून द्यावा. लॅपटॉप नसला तरी या, एचटीएमएल फोनवरही लिहिता येतं. धडा मात्र असा निवडा, जो मुलांना दरवर्षी अडतो. सुरुवात त्याच धड्यापासून करू.