घराची जाहिरात आणि एजंटाची सचोटी

घर ही सामान्य माणसाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी होय. शिक्षक भविष्य निर्वाह निधीतून, शेतकरी जमिनीच्या मोबदल्यातून, तर नोकरदार वीस वर्षांच्या कर्जाच्या आधारावर ती करतो. या खरेदीचा आरंभ बहुधा एखाद्या जाहिरातीने होतो. म्हणूनच जाहिरातीतील सचोटी हा केवळ व्यापारी शिष्टाचाराचा प्रश्न नाही. त्यात कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी गुंतलेली असते.

पूर्वी अशी जाहिरात प्रामुख्याने वर्तमानपत्रात वा चौकातील फलकावर दिसे. आज ती एजंटाच्या संकेतस्थळावरही दिसते. माध्यम बदलले, प्रलोभनाची भाषा मात्र तीच राहिली. ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ ही पायी की मोटारीने, हे सांगितले जात नाही. चित्रातील बाग मंजूर आराखड्यात असतेच असे नाही. ‘सुपर बिल्टअप’ क्षेत्रात जिना व लिफ्टचा वाटा मिळवून घर मोठे भासविले जाते. यांतील एखादे विधान उघड खोटे नसेलही; परंतु ग्राहकाने जाणून घ्यावयाची गोष्ट दडविणे हीदेखील फसवणूकच होय.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ ने ही बाब कोणाच्या सदिच्छेवर सोडलेली नाही. महाराष्ट्रात २०१७ पासून ‘महारेरा’ हे नियामक प्राधिकरण कार्यरत आहे. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या लहान योजना वगळता, नव्या प्रकल्पाची नोंदणीपूर्वी जाहिरात करता येत नाही. जाहिरातीत नोंदणी क्रमांक व प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळकपणे द्यावा लागतो. १ ऑगस्ट २०२३ पासून राज्यात क्यूआर कोडही आवश्यक आहे. जाहिरातीतील खोट्या विधानावर विसंबून कोणाचे नुकसान झाल्यास बिल्डरने भरपाई द्यावयाची असते. ग्राहकास व्यवहारातून बाहेर पडावयाचे असल्यास त्याची रक्कम व्याजासह परत करावी लागते.

एजंटाचे दायित्वही स्पष्ट आहे. नोंदणीस पात्र प्रकल्पाचे व्यवहार करण्यासाठी त्याने स्वतःची नोंदणी केली पाहिजे. नोंदणी आवश्यक असूनही ती न झालेल्या प्रकल्पातील घर त्याने विकू नये, सेवेविषयी दिशाभूल करू नये, हिशेब ठेवावेत आणि ग्राहकास हक्काची माहिती व कागदपत्रे द्यावीत. याचा भंग केल्यास दररोज दहा हजार रुपये, आणि एकूण घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

तथापि, कायदा जाणणारा ग्राहक नसेल तर तरतुदी कागदावरच राहतात. गावोगावी असे व्यवहार करण्यापूर्वी लोक शिक्षकांचा, पंचायत सदस्यांचा सल्ला घेतात. त्यांनी तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. प्रकल्पाचा व एजंटाचा नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा. क्षेत्रफळ विचारताना चटई क्षेत्रच विचारावे. करारनामा नोंदविल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नये. तशी ती मागण्याचा अधिकार बिल्डरला नाही. ज्या लहान योजनांना नोंदणीची सक्ती नाही, तेथे सातबारा उतारा व मंजूर रेखांकन पाहणे अधिकच अगत्याचे ठरते.

प्रामाणिक एजंटाला या चौकशीचे भय वाटण्याचे कारण नाही. उलट, उणिवाही स्वतःहून सांगणाऱ्या एजंटावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो, आणि त्याच्या व्यवसायाचे खरे भांडवल हा विश्वासच आहे.