कॉमावरून वाद कशाला? जँगो आणि ब्लॅकची गोष्ट

ओळ किती लांब असावी, कोट एकेरी की दुहेरी, यावरून टीममध्ये भांडणं होतात. बाहेरच्याला हसू येईल, पण रिव्ह्यूमधला निम्मा जीव त्यातच जातो.

आज जँगोचं उदाहरण घेऊ. पायथॉनमधलं हे गाजलेलं वेब फ्रेमवर्क. पायथॉनला पेप ८ ही शैलीची मार्गदर्शिका २००१ पासूनच आहे. पण ती वाचून दोन माणसं ओळ दोन ठिकाणी मोडतात. मग कोणाचं खरं? बहुतेक वेळा सीनियरचं!

२०१८ मध्ये ब्लॅक नावाचा फॉर्मॅटर आला. फाइल द्या, तो मांडणी करून देतो. सेटिंग्ज अगदी मोजक्या, ओळ ८८ अक्षरांची. जँगोमध्ये तो वापरायचा प्रस्ताव २०१९ मध्ये मंजूर झाला, पण सगळा कोड बदलला फेब्रुवारी २०२२ मध्ये. मध्ये एवढा वेळ का? कारण ब्लॅक तोवर बीटामध्ये होता. त्याची पहिली स्थिर आवृत्ती जानेवारी २०२२ मध्ये आली. नियम रोज बदलत असतील तर एकमत टिकणार कसं?

विरोध करणाऱ्यांचे मुद्देही खोटे नसतात बरं का. हातानं नीट लावलेली कोष्टकं मोडतात. आणि गिट ब्लेममध्ये प्रत्येक ओळीवर फॉर्मॅटिंग करणाऱ्याचंच नाव दिसतं! दुसऱ्यावर उपाय आहे: ते कमिट वगळायची सोय गिटमध्ये २०१९ पासून आहे. जँगोनं तीच वापरली. पहिल्याची मात्र थोडी किंमत मोजावी लागते.

मग मिळतं काय? समजा, एखादी मुलगी आयुष्यातला पहिला पॅच पाठवते आणि तिला दहा कॉमेंट येतात, सगळ्या स्पेस आणि कॉमावर. ती परत येईल? तेच काम मशीननं आधीच केलं, तर माणसं तिच्या लॉजिकवर बोलतात. शिवाय मशीनसमोर सीनियर-ज्युनियर सगळे सारखेच.

तुमच्या टीममध्ये करायचं असेल तर तीन गोष्टी करा. चर्चेला शेवटची तारीख ठरवा. फॉर्मॅटिंगचा कमिट एकदम वेगळा ठेवा, त्यात दुसरा एकही बदल नको. आणि तपासणी सीआयमध्ये टाका, म्हणजे कुणाला पोलीस व्हावं लागणार नाही.

व्हेरिएबलला चांगलं नाव मात्र तुम्हालाच द्यायचंय, ते काही ब्लॅक देत नाही. भेटू पुढच्या भागात!