रक्त कसे थांबते?

मंडळी, विळा लागला की बोटातून रक्त येते. घट्ट दाबून धरले की थांबते. कोण थांबवतं बरं?

रक्तात बिंबाणू नावाचे बारीक कण असतात. डॉक्टर त्यांना प्लेटलेट म्हणतात. मोहरीएवढ्या थेंबातही ते लाखांनी असतात. जखमेपाशी आधी थोडे कण चिकटतात. मग ते इतरांना हाका घालतात. या हाका म्हणजे रसायने.

आग लागली आणि एकच माणूस ओरडला, तर शेजारीच येतात. ओरडणे, देवळातली घंटा, ढोल, सारे एकदम ऐकू आले की गाव धावतो. तसंच इथं. एडीपी, थ्रॉम्बॉक्सेन, थ्रॉम्बिन अशा हाका एकत्र आल्या, की बिंबाणूंचा घट्ट गोळा होतो. जखम बुजते.

पण असा गोळा हृदयाच्या रक्तवाहिनीत झाला, तर जिवावर बेतते. म्हणून काही रोग्यांना डॉक्टर ॲस्पिरिनची गोळी देतात. ती थ्रॉम्बॉक्सेनची हाक बंद करते. तिचा परिणाम ७ ते १० दिवस राहतो.

मीही ती घेतो. दात काढताना सांगायचं विसरलो. रक्त थांबता थांबेना! तेव्हा ही गोळी आपल्या मनानं घेऊ नका, आपल्या मनानं सोडूही नका. आणि दात काढण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा.