नांदगाव पेठचं क्षेपणास्त्र आणि वऱ्हाडी हात

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलं, की थोड्याच वेळात नांदगाव पेठ येतं. इथल्या एमआयडीसीत भारत डायनॅमिक्स या सरकारी कंपनीने कारखान्याचा प्रकल्प हाती घेतला आहे. त्यात अतिशय कमी पल्ल्याची हवाई संरक्षण क्षेपणास्त्रं बनायची आहेत.

जवानांना सहज वाहून नेता येणारं हे अस्त्र कमी उंचीवरून उडणारं विमान किंवा ड्रोन टिपतं. डीआरडीओने ऑक्टोबर २०२४मध्ये पोखरणला त्याच्या तीन यशस्वी चाचण्या घेतल्या.

असं अस्त्र घडतं ते मापाच्या अचूकतेवर. टर्नर लेथवरून सुटा भाग काढतो, मायक्रोमीटरमध्ये धरतो आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचतो. केसाहूनही बारीक! अमरावती-अकोल्याच्या आयटीआयमधली मुलं हेच तर शिकतात.

सरकारी पाठबळही आहे. राज्याने २०१८मध्ये संरक्षण उत्पादनाचं स्वतंत्र धोरण आणलं. त्याच वर्षी केंद्राने संरक्षण क्षेत्रातल्या नवकल्पनांसाठी ‘आयडेक्स’ ही योजना सुरू केली. त्यात नवउद्योजकाला दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकतं.

फिटर, टर्नर, मशिनिस्ट झालेल्या तरुणांनी केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव जरूर नोंदवावं. नोंदणीसाठी जवळच्या आयटीआयमध्ये चौकशी करता येईल.