शिकवणे हेही कामच : एमएस्सी नर्सिंगच्या विद्यार्थिनींचा प्रश्न

(देवनहळ्ळी येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या अभ्यासवर्गात महागाई भत्ता, निवृत्तिवेतन, रिक्त जागा हे विषय नेहमीचे. आज नर्सिंगच्या विद्यार्थिनींचा विषय पाहून काही साथींच्या भुवया उंचावल्या असतील. पण हा विषय आपल्या क्वार्टरमधूनच आलेला आहे. सोलापूर, लातूर, सांगली, निपाणी या भागांतील गँगमन, पॉइंट्समन, पोस्टमन आणि ग्रामीण डाक सेवक यांच्या मुली उद्यान एक्सप्रेसने किंवा एस. टी. बदलत बदलत बेंगळुरूला नर्सिंग शिकायला येतात. त्यासाठी बाप सोसायटीचे कर्ज काढतो, भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतो. बेंगळुरू आणि आसपासच्या तालुक्यांत नर्सिंगची शेकडो कॉलेजे आहेत. २००८ च्या मे महिन्यात येथील विमानतळ सुरू झाला आणि या रस्त्याच्या दोन्ही अंगांना जमिनीचा भाव, इमारती, दवाखाने सारेच वाढले. येलहंक्याहून चिक्कबळ्ळापूरकडे जाणाऱ्या आपल्या मार्गावर विमानतळासाठी हॉल्ट मात्र मिळाला तो २०२१ च्या जानेवारीत, हेही रेल्वेच्या माणसांपुढे नोंदवून ठेवतो.

बीएस्सी नर्सिंगच्या विद्यार्थिनींची पिळवणूक, बाँड, अडवून ठेवलेली मूळ प्रमाणपत्रे यांवर पुष्कळ बोलले गेले आहे. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवू नयेत असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली स्पष्ट केले, ते आपल्या मुलींना जरूर सांगावे. आज आम्ही त्यांच्या पुढच्या पायरीवर बोलणार आहोत, म्हणजे एमएस्सी नर्सिंग करणाऱ्या मुलींविषयी. तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही, कारण कॉलेज तिला विद्यार्थिनी म्हणते, वॉर्डातल्या ज्युनिअर मुली तिला मॅडम म्हणतात आणि पगारपत्रकावर तिचे नावच नसते.

एमएस्सी नर्सिंग दोन वर्षांचे. भारतीय परिचर्या परिषदेच्या अटीप्रमाणे त्याला प्रवेश घेण्यासाठी नर्सिंगची पदवी, परिषदेकडे नोंदणी आणि किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. म्हणजे ही मुलगी कच्ची शिकाऊ नाही, ती नोंदणीकृत परिचारिका आहे. रुग्णाच्या जिवाची जबाबदारी कायद्याने तिच्यावर टाकता येते. अशी परिचारिका फी भरून पुन्हा शिकायला बसते आणि कित्येक ठिकाणी त्याच फीच्या बदल्यात तिला काम लावले जाते. सकाळी बीएस्सीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलींची तुकडी घेऊन वॉर्डात जा, बेड कसा करायचा, ड्रेसिंग कसे करायचे ते दाखव, हजेरी घे, दुपारी प्रात्यक्षिकाच्या वह्या तपास, संध्याकाळी सरांच्या संशोधनासाठी रुग्णांकडून प्रश्नावल्या भरून आण. ट्यूटरची जागा रिकामी, पण काम कुठेही अडत नाही.

आता कोणी म्हणेल की शिकवायला शिकणे हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. खरे आहे. एमएस्सीला नर्सिंग एज्युकेशन हा विषय आहे आणि त्यात पाठ घेण्याचा सराव आहे. प्रबंधही लिहावा लागतो. ते आम्ही नाकारत नाही, नाकारूही नये. मग अभ्यास कुठे संपतो आणि राबवून घेणे कुठे सुरू होते? आमची कसोटी साधी आहे. ती पाठ घेत असताना मागे शिक्षक बसला असेल, नंतर चुका दाखवणार असेल, गुण देणार असेल, तर तो अभ्यास. ती एक दिवस आली नाही म्हणून वीस मुलींचा वॉर्डातला दिवस फुकट जाणार असेल, तर ते काम. वर्कशॉपमधल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. अ‍ॅप्रेंटिसला फिटरच्या शेजारी उभे करून शिकवणे निराळे आणि फिटरची जागा न भरता त्याच्या हाती पाना देऊन गाडी बाहेर काढणे निराळे.

१९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याचे कलम १८ आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल : शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. तरीही त्याला निदान करार असतो, नोंदणी असते, ठरलेले विद्यावेतन असते. टपालातल्या जुन्या साथींना आरटीपी आठवत असतील. १९८० च्या दशकात मुलांना प्रशिक्षण देऊन राखीव फळीत ठेवले, काऊंटरवर आणि आरएमएसच्या सॉर्टिंगला नियमित कर्मचाऱ्याचेच काम दिले आणि पैसे मात्र तासावर. आणि त्याही आधीपासूनचे खात्याबाहेरचे कर्मचारी! राजम्मा प्रकरणात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते नागरी पद धारण करतात असे सांगितले, तेव्हा कुठे त्यांना एका कागदाने काढून टाकणे थांबले. तेव्हा नाव एक आणि काम दुसरे, हा खेळ आपल्याला नवा नाही.

कायद्याची बाजू थोडी सविस्तर सांगणे भाग आहे, कारण गोची तिथेच आहे. बेंगळुरूच्याच पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात २१ फेब्रुवारी १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी 'उद्योग' या शब्दाची व्याख्या विस्तृत केली. दवाखाने आणि शिक्षणसंस्थाही तिच्यात आल्या. न्या. कृष्ण अय्यर यांचा हा निकाल कामगार चळवळीचा मोठा आधार ठरला. (तो फेरविचारासाठी २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाकडे सोपवण्यात आला, हेही लक्षात असू द्यावे.) पण संस्था उद्योग ठरली म्हणून तिच्यातला प्रत्येक जण कामगार ठरत नाही. गोव्यातील एका शाळेच्या शिक्षिका ए. सुंदरंबाळ यांना नोकरीवरून काढले, त्या न्यायालयात गेल्या आणि १९८८ साली निकाल लागला : शाळा उद्योग आहे, परंतु शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखालचा 'कामगार' नाही. शिकवणे हे अंगमेहनतीचे, तांत्रिक, कारकुनी यांपैकी कोणत्याच खान्यात बसत नाही, ते एक उदात्त कार्य आहे, असा त्यातला विचार. शिक्षकांसाठी वेगळी तरतूद असावी असेही न्यायालयाने सुचवले होते. उदात्त म्हणून गौरव झाला, पण कामगार न्यायालयाचा दरवाजा बंद झाला.

आता आपली मुलगी यात कुठे बसते ते पाहा. सकाळी आठ वाजता ती रुग्णाला सलाईन लावते तेव्हा ती परिचारिका, तांत्रिक काम करणारी. अकरा वाजता तेच सलाईन कसे लावायचे हे दहा मुलींना दाखवते तेव्हा ती शिक्षिका. एकाच पलंगाजवळ, एकाच एप्रनमध्ये तिचा कायदा बदलतो! अशा प्रसंगी न्यायालये मुख्य काम कोणते ते पाहतात, आणि मुख्य काम ठरते पुराव्यावरून. पुरावा कोणाकडे? मस्टर कॉलेजच्या कपाटात, आणि त्यात तिचे नाव विद्यार्थिनी म्हणून.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू करण्यात आल्या. आपल्या संघटनांचा त्यांना विरोध का आहे हे येथे पुन्हा सांगत नाही. या प्रश्नापुरते दोन मुद्दे आहेत. औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवा करणाऱ्या संस्थांच्या आस्थापनांना उद्योगाच्या व्याख्येबाहेर ठेवले आहे. नर्सिंग कॉलेजे बहुतेक ट्रस्टच्या नावाने चालतात, आणि फीचा आकडा कितीही मोठा असला तरी ट्रस्ट म्हटले की परोपकार आपोआप आला, असा युक्तिवाद होणारच. दुसरा मुद्दा उपयोगाचा आहे. व्यावसायिक सुरक्षितता संहितेने दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देण्याचे बंधन मालकावर घातले आहे. नेमणूकपत्र मागणे म्हणजे बंड नव्हे, हे मुलींना आणि त्यांच्या घाबरलेल्या आई-वडिलांना समजावून सांगायला हवे.

शिक्षकांना लढून काहीच मिळत नाही असे मात्र नाही. ग्रॅच्युइटीचा इतिहास पाहा. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक त्या कायद्याखालचे 'कर्मचारी' नाहीत असे सांगितले. २००९ साली संसदेने कायदा दुरुस्त केला आणि तोही ३ एप्रिल १९९७ पासून मागील प्रभावाने. खासगी शाळांनी त्याला आव्हान दिले, ते २०२२ च्या ऑगस्टमध्ये फेटाळले गेले. एक व्याख्या बदलायला इतकी वर्षे लागली, पण बदलली.

परिचारिकांच्या पगाराचा प्रश्नही २०१६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. त्यानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने ५० खाटांपेक्षा लहान खासगी दवाखान्यात किमान २०,००० रुपये आणि २०० खाटांहून मोठ्या ठिकाणी सरकारी परिचारिकेइतके वेतन सुचवले. केरळात मुलींनी संप केले, म्हणून तेथे २०१८ साली किमान वेतनाची अधिसूचना निघाली. पण हे सारे दवाखान्यातल्या सिस्टरसाठी. कॉलेजातली ट्यूटर त्यात नाही, आणि ट्यूटरचे काम करणारी विद्यार्थिनी तर कशातच नाही.

मग मागायचे काय? नमुना शोधायला लांब जावे लागत नाही. वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण घेणारा डॉक्टर निवासी डॉक्टर असतो, ज्युनिअरांना शिकवतो, रुग्ण पाहतो आणि त्याला विद्यावेतन मिळते. महाराष्ट्रात 'मार्ड'ने त्यासाठी किती संप केले ते वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याच इमारतीत, त्याच रुग्णाच्या दुसऱ्या बाजूला उभी असलेली पदव्युत्तर परिचारिका मात्र फी भरते. अभियांत्रिकीत तर आपल्या मागणीचा मसुदा तयारच आहे. 'गेट' परीक्षा देऊन एमटेकला येणाऱ्या विद्यार्थ्याला तंत्रशिक्षण परिषद महिना १२,४०० रुपये देते आणि त्याबदल्यात आठवड्याला ८ ते १० तास शिकवण्यात व संशोधनात मदत करण्याची अट घालते. तास ठरलेले, रक्कम ठरलेली, काम लिहिलेले. आम्ही हेच मागतो : एमएस्सी नर्सिंगच्या विद्यार्थिनीसाठी शिक्षण साहाय्यक व संशोधन साहाय्यक या नावाने, ठरलेल्या तासांचे आणि ठरलेल्या मानधनाचे काम.

अमेरिकेत हाच वाद वेगळ्या वाटेने गेला. कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात तेथील श्रमसंबंध मंडळाने २०१६ साली ठरवले की खासगी विद्यापीठात पैसे घेऊन शिकवणारे आणि संशोधनाला मदत करणारे विद्यार्थी हे कर्मचारीही आहेत आणि युनियन करू शकतात. २०२२ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठात अशा सुमारे ४८,००० जणांनी संप केला. त्यांची युनियन कोणती? मोटार कामगारांची! तेव्हा नर्सिंगच्या मुलींनी रेल्वे आणि टपालाच्या युनियनकडे यावे यात हसण्यासारखे काही नाही. त्याच देशात नर्सिंगचे शिक्षक मिळावेत म्हणून सरकारी कर्जयोजना आहे. पदवीनंतर चार वर्षे पूर्णवेळ शिकवले तर कर्जाचा ८५ टक्क्यांपर्यंत भाग माफ होतो. आपल्याकडे कर्ज बापाच्या डोक्यावर आणि शिकवणे फुकट.

एक धोका आजच सांगून ठेवतो. साहाय्यक स्वस्त पडतात म्हणून ट्यूटरच्या जागाच भरायच्या नाहीत, हे उद्या होऊ शकते. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत आपण ते पाहिले आहे. परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे बीएस्सीला दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागतो. त्या हिशेबात विद्यार्थिनी-साहाय्यक धरता कामा नये. तपासणीच्या दिवशी तिला साडी नेसवून शिक्षिका म्हणून उभी करणे तर सरळ फसवणूक आहे, आणि त्या खोट्या कागदावर सही तिची असते.

संशोधनाबाबतही असेच. परिचर्या परिषद आणि येथील राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांनी मिळून २००५ च्या सुमारास नर्सिंगच्या पीएचडीसाठी राष्ट्रीय योजना सुरू केली, ही बेंगळुरूला अभिमानाची गोष्ट. पण संशोधन वाढले की प्रश्नावल्या भरणारे हातही लागतात. ज्या मुलीने उन्हात खेडोपाडी फिरून माहिती गोळा केली, तिला प्रवासखर्च मिळावा, तास मोजले जावेत आणि छापलेल्या लेखात तिचे नाव यावे.

हे मागणीपत्र होईल तेव्हा होईल. आज घरी गेल्यावर फोन करून मुलीला एक वही घ्यायला सांगा. तारीख, वॉर्ड, किती वाजता गेली, किती वाजता सुटली, किती मुलींना काय शिकवले, कोणाच्या तोंडी आदेशाने, एवढे रोज दोन ओळींत लिहायचे. गार्डाचे जर्नल आणि पोस्टमनची वही आपण उगाच सांभाळत नाही. वहीचा नमुना मराठीत आणि कन्नडमध्ये तयार केला आहे, जेवणाच्या सुट्टीत मागच्या टेबलावर मिळेल. ज्यांच्या मुली महाराष्ट्रात शिकतात त्यांनीही न्यावा.