काठवट, पोळपाट आणि लाकडाची निगा

तांब्यापितळेच्या भांड्यांना वेळेवर कल्हई व्हावी, ही काळजी एके काळीं घरोघर घेतली जाई. लाकडी सामानाच्या वाट्याला मात्र ती आस्था क्वचितच आली. पोळपाट, काठवट, विळीचा पाट, भाजी चिरण्याची फळी हीं सारीं लाकडाचीं. आणि लाकूड झाडापासून तोडल्यावरहि हवेशीं ओलाव्याची देवघेव करीतच राहतें.

पालघर जिल्ह्यांतील जव्हार व मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत, वावरसारख्या गांवांच्या परिसरांत, याचा प्रत्यय लवकर येतो. बोहाड्याच्या लाकडी मुखवट्यांचा हा मुलूख. साग व ऐन हीं येथल्या रानांतील झाडें, नागली व वरई हें येथलें जुनें अन्न. जून ते सप्टेंबर येथें मुसळधार पाऊस; वैशाखांत तीच हवा कोरडी. अशा ठिकाणीं लाकूड एका वर्षांत फुगतें आणि आकसतेंहि.

हें फुगणें-आकसणें लाकडाच्या रेषांना आडवें पुष्कळ होतें, रेषांच्या लांबीच्या दिशेनें नाममात्र. म्हणून एक बाजू ओली व दुसरी कोरडी राहिली, कीं फळी वाकते. टोकांकडून ओलावा सर्वांत आधीं निघून जातो. म्हणून चीर बहुधा तेथूनच सुरू होते. एकसंध ओंडक्यांतून कोरलेली काठवट पाण्यांत भिजत ठेवून मग उन्हांत टाकली, तर ती तडकावी यांत नवल नाहीं.

यावर उपाय सोपे आहेत. काम होतांच फळी धुवावी, दोन्ही बाजू सारख्या ओल्या कराव्या, पुसाव्या आणि ती सावलींत, वाऱ्यावर, उभी ठेवावी. भिंतीला सपाट टेकवूं नये. वास राहिल्यास मीठ व लिंबाची फोड यांनीं घासावी. पावसाळ्यांत बंद कपाटांत ओली फळी ठेवली, कीं बुरशी आलीच. अधूनमधून जवसाचें शुद्ध तेल पातळ चोळावें. तें हवेनें हळूहळू घट्ट होतें, परंतु त्यास कांहीं दिवस लागतात, तोंवर फळी वापरूं नये. शेंगदाण्याचें तेल तसें घट्ट न होतां खवट होतें. रंगाच्या दुकानांतील उकळलेलें जवसाचें तेल वर्ज्य; त्यांत बहुधा धातूंचे क्षार मिसळलेले असतात.

लाकडापेक्षां प्लास्टिक स्वच्छ, अशी समजूत शहरांत रूढ आहे. अमेरिकेंतील डीन क्लायव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनीं ती डळमळीत केली. लाकडावर टाकलेले जंतू आंत शोषले जात आणि पृष्ठावर फारसे सांपडत नसत. सुरीच्या खुणांनीं भरलेलें प्लास्टिक मात्र हातानें धुवून निर्जंतुक करणें कठीण ठरलें. तथापि लाकडालाहि धुण्यापासून सुटका नाहीं, आणि मांस-मासळीची फळी भाजीच्या फळीहून वेगळी असलीच पाहिजे.

साग तोडण्याजोगा होण्यास कित्येक दशकें लागतात. तोच पाट निष्काळजीपणानें दोन पावसाळ्यांत सरपण होतो. आणि त्याच्या जागीं पुन्हां एक झाड पडतें. रोज पुसण्याचे दोन क्षण दिले, तर तोच पाट सासूच्या हातून सुनेच्या हातीं धडधाकट जातो.